मनवेलपाड्यातला डेन्मार्कचा आरसा

१२ जुलै १९९८, रविवार
मागितला होता भिंतभर आरसा, दोन्ही बाजूंना बल्ब असलेला, स्टेशनजवळच्या नव्या पार्लरमध्ये आहे तसा. आला काय, तर चादरीत गुंडाळलेला जुना लाकडी आरसा. हे आणि इनासकाका निर्मळहून रिक्षातून घेऊन आले, दोघांच्या मांडीवर आडवा ठेवून. उतरताना चेहरे असे की जणू गणपतीच आणलाय.

इनासकाका म्हणजे आमचे फुलवाले. माझ्या पार्लरमध्ये सजणाऱ्या प्रत्येक नवरीच्या केसांतला मोगरा-चाफा त्यांच्या वाडीतून सायकलवर येतो. त्याआधी जन्मभर बोटीवर होते. आता मुलगा जुनं घर पाडून स्लॅबचं बांधतोय आणि नव्या घरात ह्या आरशाला जागा नाही. "तुझ्याकडे निदान रोज कोणीतरी बघेल त्यात," म्हणाले. मी "हो काका, छान आहे" म्हटलं आणि ते गेल्यावर ह्यांची हजेरी घेतली.

१३ जुलै
टांगला. खिळा मारताना घरातल्याच पार्लरच्या खोलीत भिंतीचा पोपडा निघाला तो आरशामागे झाकला गेला, एवढाच फायदा. सासूबाई म्हणाल्या, "बरा हाय गो. साधा." त्यांच्या तोंडून 'साधा' म्हणजे मोठं सर्टिफिकेट. मी अजून फुगलेलीच.

१६ जुलै
गिऱ्हाईक नव्हतं, लाइट गेलेली. फडकं घेऊन आरसा पुसायला घेतला तेव्हा खरं म्हणजे पहिल्यांदा बघितला. सागवान आहे. पण आपल्याकडे पॉलिश मारून चकचकीत काळं करतात तसं नव्हे. उघडं, मधाच्या रंगाचं, हाताला कोमट लागतं. चौकट अंगठ्याएवढीच रुंद. कोपरे गोलसर, आणि जोड शोधायला गेले तर नखाला लागत नाही. खिळा नाही, वेलबुट्टी नाही. खाली एक अरुंद फळी, चौकटच वळून पुढे आल्यासारखी, कंगवा आणि पावडरचा डबा राहील एवढी. मागे प्लायवर डागून छापलंय, मेड इन डेन्मार्क.

इतकं कमी केलंय, आणि तरी काही कमी वाटत नाही. आमच्या सुताराने वर दोन मोर नक्की बसवले असते.

ह्यांना अजून काही बोलले नाहीये. लगेच बोललं तर डोक्यावर बसतील.

१९ जुलै
राऊतवहिनी फेशियलला. आल्या आल्या, "हा काय आरसा! अंधारा वाटतो." जाताना पाच मिनिटं त्याच्यासमोरून हलेनात. "नंदा, ह्याच्यात मी बरी दिसते गं." बरी दिसत नाहीत, जशा आहेत तशा दिसतात. बाजारातल्या नव्या आरशांत तोंडाला हिरवट झाक येते. ह्याच्यात कातडीचा रंग कातडीचाच राहतो. खालच्या कोपऱ्यात काचेला चार-दोन तपकिरी ठिपके पडलेत, तेवढं वय दिसणारच.

नियम केला : ह्या आरशावर कोणीही टिकली चिकटवायची नाही. पहिली टिकली दुपारीच सापडली. सासूबाईंची.

२ ऑगस्ट, रवि.
इनासकाका चर्चमधली मिस्सा आटोपून आले. चहा घेताना आरशाची गोष्ट निघाली. लग्नाला वर्ष झालं होतं, बोट कोपनहेगनला लागलेली. बाकीचे रेडिओ आणि घड्याळं घेत होते, काकांनी दुकानाच्या काचेत हा बघितला. मेरीकाकीने, त्यांच्या बायकोने, निघताना एवढंच सांगितलं होतं की घरात धड आरसा नाही. बोटीवर सगळे हसले, फुटणार म्हणाले. काका म्हणाले, "मी त्याला माझ्या बंकात भिंतीकडे झोपवायचो नि मी बाहेरच्या बाजूला. समुद्र खवळला की आधी त्याला धरायचं, मग स्वतःला." आमच्याशी अगदी स्वच्छ मराठी बोलतात, घरची बोली निराळी, ती मला अर्धीच कळते. मेरीकाकी आता नाही. तीस वर्षं तिने ह्याच्यात बघून भांग पाडला.

जाताना सक्त ताकीद : पॉलिश नाही, टचवुड नाही, वार्निश नाही. नाताळच्या आधी वर्षातून एकदा जवसाचं तेल, फडक्याने. बस.

३० ऑगस्ट, रवि.
मोठी बातमी. काकांची नात शर्ली, तिचं लग्न जानेवारीत ठरलं आणि नवरीचा मेकअप माझ्याकडे! निर्मळच्या चर्चमधलं लग्न, तीनशे डोळे. एवढं मोठं काम आजवर केलेलं नाही. शर्ली बँकेत लागलीय, स्कूटर चालवते, बोलायला फटकळ. म्हणाली, "आंटी, मला बाहुली नका करू. मला मीच दिसले पाहिजे." म्हटलं, तुझ्या आजीचा आरसा आहे समोर, तो खोटं चालवून घेत नाही.

रात्रभर डोक्यात नवरीची जाळीदार व्हेल आणि पिना.

१० सप्टेंबर
सकाळी चूळ भरली तर पाणी डाव्या ओठातून गळलं. वाटलं झोप उतरली नाही. चहा पण गळला. पार्लरमध्ये जाऊन आरशात बघितलं. उजवीकडे मी. डावीकडे कोणीतरी झोपलेली बाई. डावा डोळा मिटेना. हसून बघितलं, सगळं तोंड उजवीकडे पळालं.

ह्यांना हाक मारली ती पण धड नाही निघाली. सासूबाईंनी माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं. मग म्हणाल्या, "वारं गेलं गो तोंडावरनं."

११ सप्टें.
डॉक्टर म्हणाले अर्धांग नाही, घाबरू नका. चेहऱ्याची नस सुजलीय. गोळ्या, डोळ्यात थेंब, झोपताना डोळ्यावर पट्टी. "बहुतेकांचं परत येतं." कधी? आठवडे लागतील, महिने लागतील, सांगता येत नाही. घरी येईपर्यंत तो एकच शब्द डोक्यात. बहुतेकांचं. म्हणजे काहींचं नाही.

बोलताना प, ब, म येत नाहीत. आणि धंदा पार्लरचा, ज्याचं नावच मला घेता येत नाही.

१४ सप्टें.
दारावर 'बंद' लिहून लावलं. कारण लिहिलं नाही. ब्युटी पार्लरवालीचं तोंड वाकडं, हे काय पाटीवर लिहायचं?

आरशावर सासूबाईंचं जुनं पातळ टाकलं. झाकलेला पण देखणा दिसतो मेला.

१७ सप्टें.
अर्नाळ्याची मावशी मासळी घेऊन दारात. तोंडावर पदर घेतला तरी तिला दिसलंच. "बाय, कबुतराचं रगत चोळ. नि थंड पानी लावू नको, वाऱ्याचं दुखनं हाय ह्ये." तिच्या नणंदेचं बरं झालं म्हणे. पापलेट घेतलं, कबुतर राहू दिलं. पण ती मावशी सरळ माझ्या तोंडाकडे बघून बोलली. बिल्डिंगमधल्या सगळ्या माझ्या कानाकडे बघून बोलतात.

२१ सप्टें.
आचोळ्याला फिजिओकडे. तरुण मुलगी, मऊ बोलते पण सोडत नाही. भुवया वर, डोळे घट्ट, गाल फुगवा, शिटी मारा, दात दाखवा. दिवसातून तीनदा, आणि आरशात बघूनच करायचं. न बघता केलं तर उजवी बाजूच सगळं काम उरकते आणि डावी आरामात राहते. आमच्या घरासारखंच, म्हटलं. तिला कळलं नाही, माझं बोलणंच कळलं नसेल.

घरी बेडरूममध्ये लोखंडी कपाटाच्या आरशासमोर उभी राहिले. त्या आरशात धडधाकट माणूस पण भोपळ्यासारखं दिसतं. माझं कुठे वाकडं आणि त्याचं कुठे वाकडं, कळेना. शेवटी पार्लरमध्ये गेले आणि पातळ ओढून काढलं.

बघितलं. पूर्ण. दहा दिवसांत पहिल्यांदा. फार रडले. पण खरं सांगायचं तर ह्या आरशात रडणं पण सोपं गेलं. त्याने काही वाढवून सांगितलं नाही.

२५ सप्टें.
एक युक्ती सापडली. स्टुलावर अशी बसते की ओठांची दोन्ही टोकं खालच्या फळीच्या रेषेजवळ दिसतात. फळी सरळ आहे. उजवं टोक तिच्यावर, डावं खाली घसरलेलं. रोज तेवढंच बघायचं, मध्ये किती जागा राहिली. इनासकाकांचा आरसा लेव्हलमध्ये आहे, मीच नाही.

हे ऑफिसातून आले की मागे उभे राहून स्वतः पण गाल फुगवतात. "जोडीने करू." मला हसवू नका म्हटलं, हसलं की दिसतं.

शर्लीचं काय करायचं? जानेवारी लांब आहे. जानेवारी लांब नाही.

३० सप्टें., खंडेनवमी
दरवर्षी आज कात्र्या, कंगवे, चिमटे, ड्रायर, सगळं पाटावर मांडून मी पूजा करते. यंदा मन झालं नाही. धंदाच बंद, हत्यारांची पूजा कसली. दुपारी आचोळ्याहून आले तर सासूबाईंनी सगळं करून ठेवलेलं. कात्रीला कुंकू, ड्रायरला झेंडू. आणि आरसा! हळदकुंकू खोबरेलात कालवून चौकटीच्या वरच्या पट्टीवर मधोमध पाच बोटं ओढलेली.

धावत फडकं आणलं. काचेवर असतं तर निघालं असतं. पण हे लाकूड उघडं, तेल पिणारं. कुंकू घेऊन तेल आत गेलं. पुसू तसं पसरलं. लालभडक पट्टा. डेन्मार्कहून समुद्र ओलांडून एक ओरखडा न पडता आलेला आरसा, आणि आमच्या घरात तीन महिन्यांत...

मी ओरडले. ओरडायला तरी तोंड धड लागतं. निम्मे शब्द फुर्र झाले, थुंकी उडाली. सासूबाई हसल्या नाहीत, चिडल्या पण नाहीत. म्हणाल्या, "रोज तेच्यासमोर बसतंस गो. तुझं तोंड तेच्याकडंच हाय. म्हनून म्हटलं, औंदा तेच्याकडंच मागूया."

मी आत जाऊन कडी लावली. डाव्या डोळ्याला रडायचं असो नसो, पाणी येतच असतं. आज दोन्हींना आलं.

२ ऑक्टो.
गांधी जयंतीची सुट्टी, आणि ह्यांच्या अंगात सुतार संचारला. सँडपेपर घेऊन बसले. मी नको नको म्हणेपर्यंत (नको म्हणता येतं मला, त्यात प नाही) डाग अर्धा राहिला आणि बाजूचं लाकूड पांढरंफटक पडलं. आधी एक डाग होता, आता डागाच्या बाजूला खरूज. दोघांशी बोलणं बंद. सासूबाईंशी तर दोन दिवस बंदच आहे. ताट वाढतात, मी जेवते, इतकंच.

४ ऑक्टो., रवि.
इनासकाका येणार हे माहीत होतं. पातळ टाकून ठेवलं होतं. त्यांनी आल्या आल्या विचारलं, झाकला कशाला? सासूबाईच पुढे झाल्या आणि स्वतः पातळ काढलं. "मी केलंय. सूनबाईंचा काय दोष नाय."

काकांनी डागावरून बोट फिरवलं. मला वाटलं आता म्हणतील, परत द्या. त्यांचा हक्क आहे. उलट त्यांनी मला जवळ बोलावलं आणि उजव्या कोपऱ्यात वर बोट ठेवलं. तिथे लाकडात एक फिकट पट्टी आहे, बोटभर, आणि तिला आडवी दुसरी. मी ते लाकडाचंच अंग समजत होते. काका म्हणाले, "झावळ्यांच्या रविवारी चर्चमधून झावळीचा क्रूस आणायची मेरी. दर वर्षी इथेच खोचायची. सगळीकडे लाकूड उन्हाने रंगलं, तेवढं राहिलं. मी किती सांगितलं तिला, डाग पडेल. ऐकते कोण?"

मग ह्यांच्याकडे बघून, "तुमच्या घरात आला, तर तुमचं काही लागणारच त्याला. लागू दे. सँडपेपर मात्र पुन्हा हातात घेऊ नको बाबा." हे आत चहा टाकायला पळाले.

त्या खरवडलेल्या जागेवर काकांनी बोटाने थोडं तेल चोळलं. म्हणाले चार-पाच वर्षांत मिसळेल. त्यांच्या वयाच्या माणसाने किती आरामात म्हटलं, चार-पाच वर्षांत.

संध्याकाळी सासूबाईंना म्हटलं, वेणी घालून द्या. एवढंच जमलं. त्यांनी तेल लावून घट्ट घातली, कान ओढले जाईपर्यंत.

२० ऑक्टो., दिवाळी
हललं! डावं टोक. फळीच्या रेषेकडे, सुताएवढं, पण हललं. मी ओरडले, सगळे धावत आले. "दाखव, दाखव." मग काही केल्या हलेना. हे म्हणतात हलव, सासूबाई म्हणतात अशी काय हलव म्हणता, यंत्र हाय काय ते. आणि दाखवायला म्हणून दोघंही आरशात बघून ओठांची टोकं उचलायला लागली. तीन माणसं एका आरशात वेडीवाकडी तोंडं करतायत, दारात फराळाचं ताट घेऊन राऊतवहिनी उभ्या. काय समजल्या असतील देव जाणे.

आज आनंद झाला. लिहून ठेवते, आनंद झाला.

८ नोव्हें.
डोळा आता जवळजवळ मिटतो. प येतो, फुसका. फिजिओ खूश. मला मात्र फळीपासूनचं अंतर दिसतं. आठवडाभर तिथेच आहे.

१५ नोव्हें., रवि.
शर्लीची आई आली होती. केळ्यांचा घड घेऊन. फार गोड बोलली, फार वेळ बोलली, आणि शेवटी, "तुला त्रास नको गं अशा वेळी. बोरिवलीची एक बाई आहे, तिला विचारू का? लोकं काय, उगाच विचारत बसतात." मी म्हटलं, हो, हो, बरोबर आहे. तिला बसवून चहा केला, दारापर्यंत सोडलं. मग पार्लरमध्ये येऊन स्टुलावर बसले.

माझ्या हातांना काय झालंय? हात तसेच आहेत. पण नवरीच्या खोलीत सगळे नवरीनंतर मेकअपवालीकडे बघतात, हे मलाही माहीत आहे. तिचं चुकलं असं म्हणता येत नाही, म्हणून जास्त लागलं.

सासूबाईंनी तो घड स्वयंपाकघराच्या मागच्या कोपऱ्यात टांगला. "पिकली तरी मी खानार नाय."

२२ नोव्हें., रवि.
स्कूटरचा आवाज. शर्ली, एकटी. हेल्मेट पण न काढता, "आंटी, मम्मीने काय सांगितलं ते मला काल कळलं. लग्न कोणाचं आहे?" मी पदर तोंडावर घेऊन बोलत होते. म्हणाली, "ट्रायल कधी घेताय ते सांगा." म्हटलं, मम्मीचा विचार कर, लोक बघतील. तर म्हणते, "लोक मला बघायला येणारेत, तुम्हाला नाही. एवढा भाव नका खाऊ."

अशी पोर. हसू आलं, पदराआडच.

१३ डिसें., रवि.
ट्रायल झाली. तीन महिन्यांनी हातात ब्रश. बोटं सवयीने चालायला लागली. शर्ली समोर, मी मागे, दोघी त्याच चौकटीत. इतके दिवस ह्या आरशात मी फक्त स्वतःचा डावा गाल बघत होते. आज दुसरा चेहरा बघितला आणि त्याचं काम सुरू झालं तसं आपल्याकडे लक्षच गेलं नाही. दुपारची वेळ, खिडकीतून तिरका उजेड, लाकडावर मधासारखा पसरलेला. शर्लीचा सावळा रंग असा उठून आला की मी फाउंडेशन अर्ध्यावर आणलं. काय गरज नव्हती. जो आरसा एवढा उघडा राहून चांगला दिसतो, त्याच्यासमोर माणसाला थापायची लाज वाटते.

ती म्हणाली, "आजी दिसतेय." मेरीकाकीचा फोटो मी बघितलाय. खरंच.

तोंडाला रुमाल बांधला होता मी. सर्दी म्हणून सांगितलं. तिने मान डोलावली, विश्वास ठेवला नाही.

२३ डिसें.
काका जवसाचं तेल घेऊन आले. बरोबर नाताळचा फराळ, नेवऱ्या आणि कुलकुल. म्हणाले यंदा तू कर, मी बघतो. मऊ फडक्याने, लाकडाच्या रेषेच्या दिशेने, थोडं थोडं. तेल लागलं तशी रेघ न् रेघ जागी झाली. कुंकवाचा डाग गेला नाही, आता तो विटकरी होऊन लाकडातलाच वाटायला लागलाय. कोणीतरी तिकडे, बर्फाच्या देशात, हे लाकूड किती विचाराने कापलं असेल. त्याला स्वप्नात तरी वाटलं असेल का, मनवेलपाड्यात ह्याला कुंकू लागेल आणि एक बाई त्याच्यापुढे शिट्या मारायला शिकेल? त्या माणसाला भेटता आलं असतं तर म्हटलं असतं, बाबा रे, छान केलंस.

शिटी अजून येत नाही. नुसती हवा.

९ जानेवारी १९९९
डॉक्टर. ऐंशी टक्के आलंय म्हणाले, खूप आहे. उरलेलं? "हळूहळू येईल. थोडं राहूही शकतं." आणखी महिन्याने या. तोंड स्वस्थ असताना कळत नाही म्हणे, हसल्यावरच कळतं. मग नाही हसणार, त्यात काय. लग्नाचा एक दिवस निघून जाईल.

१४ जाने., संक्रांत
सासूबाईंनी माझ्या हातावर तिळगूळ ठेवला आणि तोंडाकडे बघत राहिल्या. मी दात दाखवले, व्यायामासारखे. म्हणाल्या, "असं नाय. खरं." खरं नाही जमलं.

रविवारी लग्न. शर्लीची आई निरोप पाठवते, नवरी सकाळी तुमच्याकडेच येईल, आरसा तिथे आहे म्हणून. आरसा आहे म्हणून. बरं.

१७ जाने., रवि.
झालं. पाय दुखतायत, पण आजच लिहायचं.

सकाळी दोन गाड्या भरून सगळी आली. खोलीत पाय ठेवायला जागा नाही. शर्लीची आई, मावश्या, फोटोवाला, आणि दाराशी सुटाबुटात इनासकाका, हातात चाफ्याची परडी. मी रुमाल बांधलेला. शर्ली स्टुलावर बसली आणि आरशातूनच मला म्हणाली, "सर्दी किती महिने असते आंटी?" मावश्या वळून बघायला लागल्या. मी रुमाल सोडला. तिने विचारलं म्हणून नव्हे, त्या बघत होत्या म्हणून. बघा.

मग कामाला लागले. दोन तास. डोळे, भुवया, केस, चाफा, व्हेलच्या पिना. शेवटचं राहिलं होतं लिपस्टिक. एका हातात ब्रश, दुसऱ्या हाताने तिची हनुवटी धरलेली. म्हटलं, जरा हस, ओठ ताणले की कड नीट येते. तर ही पोर, एकदम रडवेली होऊन, "आंटी, भीती वाटतेय. फोटोत माझं हसू नेहमी वाकडं येतं."

तिच्या आईने जीभ चावली. मावश्यांनी जमिनीकडे बघितलं. आणि मला हसू आलं. तुझं? तुझं वाकडं येतं? हे बोलायचं होतं, पण हसूच एवढं आलं की शब्द राहिले. हात तोंडाकडे न्यायला गेले तर एका हातात लाल ब्रश, दुसऱ्यात नवरीची हनुवटी. झाकणार कशाने? तशीच हसले. सगळ्यांसमोर, आरशात बघून. उजवी बाजू आधी गेली. डावी तिच्या मागून, थोडी उशिरा, खाली राहून, पण आली. शर्ली आरशात माझ्या तोंडाकडे बघत होती, नजर न काढता. मग ती हसली. मग तिची आई. मी कड भरून घेतली तेवढ्यात.

फोटोवाल्याने नेमका मी हसत होते तेव्हा फ्लॅश मारला होता.

जाताना शर्लीच्या आईने माझे दोन्ही हात धरले. काकांनी आरशाकडे बघितलं नाही, माझ्याकडेच बघितलं आणि टोपी उचलली. शर्ली गाडीतून ओरडली, "तो फोटो तुमचा हां आंटी, कॉपी पाठवते!" मी हो म्हटलं.

सप्टेंबरपासून एकही फोटो काढू दिलेला नाही. आता कोणाच्या तरी कॅमेऱ्यात मी आहे, पूर्ण तोंड उघडून. रोल धुवायला वेळ लागेल. आरशात हवं तेव्हा तोंड नीट करता येतं. फोटोत जसं होतं तसंच राहणार.

डावं टोक कितपत आलं असेल...

पण बघायचाय मला.